शाळेतला शोधनिबंध आणि विज्ञान शाखेचा प्रवेश : विषय कसा निवडावा?

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. मुलगा किंवा मुलगी आयबी बोर्डाच्या शाळेत अकरावीला आहे, तिला चार हजार शब्दांचा शोधनिबंध लिहायचा आहे, पुढे विज्ञान शाखेत चांगल्या विद्यापीठात जायचे आहे, तर निबंधाचा विषय कोणता घ्यावा? विचारणारे पालक बहुतेक वेळा स्वतः शिकलेले असतात. कोणी बँकेत आहे, कोणी शिक्षक, कोणी सरकारी दवाखान्यात. परंतु अशा निबंधाशी त्यांचा कधी संबंध आलेला नसतो. त्यांच्या काळात ‘प्रोजेक्ट’ म्हणजे रंगीत कागदावर चित्रे चिकटवलेली वही.

आपल्या वस्त्यांमधून आयबीपर्यंत पोहोचणारी मुले अजून थोडी आहेत. फी लाखांत असते. काही जण पालकांच्या कमाईवर जातात, काही जण शिष्यवृत्तीवर. पुण्याजवळ मुळशी तालुक्यातले महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ पासून आयबी शिकवते आणि तिथे गरजेनुसार आर्थिक मदत मिळते. संख्या थोडी असली, तरी हा प्रश्न त्या थोड्यांपुरता नाही. समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू ज्याला ‘सांस्कृतिक भांडवल’ म्हणतो, ते नेमके इथे दिसते. ज्या घरात काका प्राध्यापक आणि मावशी अमेरिकेत संशोधक आहे, तिथे विषय जेवणाच्या ताटावर ठरतो. आपल्या मुलांना तो एकट्याने ठरवावा लागतो, किंवा पैसे मोजून एखाद्या सल्लागाराकडून घ्यावा लागतो. म्हणून ही माहिती सविस्तर मांडत आहोत.

हा निबंध म्हणजे नेमके काय?

आयबी डिप्लोमा हा दोन वर्षांचा, म्हणजे अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम. त्यात सहा विषय असतात आणि त्यांचे मिळून ४२ गुण. त्याशिवाय ज्ञानमीमांसेचा एक विषय आणि ‘एक्स्टेंडेड एसे’ नावाचा शोधनिबंध, या दोन्हींचे मिळून जास्तीत जास्त ३ गुण. एकूण ४५.

निबंधाची कमाल मर्यादा ४,००० शब्दांची. विद्यार्थ्याने त्यावर साधारण ४० तास काम करावे अशी अपेक्षा असते. शाळेतलेच एक शिक्षक मार्गदर्शक असतात. त्यांच्याशी तीन ठरलेल्या बैठका होतात आणि शेवटची बैठक तोंडी परीक्षेसारखी असते. सोबत ५०० शब्दांपर्यंतचे चिंतनपर टिपण द्यावे लागते. निबंधाला ए ते ई अशी श्रेणी मिळते. ई मिळाली तर बाकी विषयांत कितीही गुण असले तरी डिप्लोमा मिळत नाही. हे पालकांना अनेकदा माहीत नसते.

प्रवेशात त्याचे वजन किती?

इथे आधी एक गैरसमज दूर करू. निबंधाच्या जोरावर कोणालाही प्रवेश मिळत नाही. विषयांचे गुण, अपेक्षित गुण आणि प्रवेश परीक्षा यांचे वजन सर्वांत जास्त.

भारतातल्या सरकारी विज्ञान संस्थांत तर निबंध कोणी पाहतही नाही. आयसरला त्यांची स्वतःची परीक्षा, नायसरला नेस्ट, आयआयटीला जेईई, एमबीबीएसला नीट. ज्याचे ध्येय हे आहे त्याने निबंध नीट आणि वेळेत पूर्ण करावा, पण त्यातच सहा महिने अडकू नये. अशोका किंवा अझीम प्रेमजी यांसारख्या खासगी विद्यापीठांत मुलाखत असते. तिथे त्याचा उपयोग होऊ शकतो.

ब्रिटनमध्ये उपयोग जास्त दिसतो. तिथे यूकॅस या एकाच यंत्रणेतून अर्ज जातो. २०२६ च्या प्रवेशापासून अर्जातल्या वैयक्तिक निवेदनात तीन प्रश्न आहेत : हा अभ्यासक्रम का, तुमच्या शिक्षणाने त्यासाठी काय तयारी करून दिली, आणि शिक्षणाबाहेर तुम्ही काय केले. तिन्ही मिळून ४,००० अक्षरे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना ‘मला भौतिकशास्त्राची आवड आहे’ असे म्हणणारे हजारो असतात. ‘मी हा प्रश्न घेतला, असे मोजले, इथे माझा अंदाज चुकला’ असे सांगू शकणारे थोडे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या मुलाखतीत तर अर्जात लिहिलेल्या कामावर थेट प्रश्न येऊ शकतात. अमेरिकेतल्या विद्यापीठांना संपूर्ण अर्जातून माणूस पाहायचा असतो. तिथेही स्वतः केलेले एक प्रामाणिक काम बोलते.

म्हणजे निबंध दार उघडत नाही. दारात उभे राहिल्यावर काय बोलायचे, ते तो देतो.

पहिला निर्णय : कोणत्या शाखेत लिहायचे?

साधा नियम असा : ज्या विषयाच्या पदवीला अर्ज करायचा आहे, त्यातच किंवा त्याच्या सख्ख्या शेजारच्या विषयात लिहा. आणि तो विषय तुम्ही डिप्लोमात शिकत असला पाहिजे.

- भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकीला जायचे असेल, तर भौतिकशास्त्र किंवा गणित.
- रसायनशास्त्र, औषधनिर्माण यांसाठी रसायनशास्त्र.
- वैद्यकीय शिक्षण किंवा जीवशास्त्रासाठी जीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र.
- संगणकशास्त्रासाठी संगणकशास्त्र किंवा गणित.
- पर्यावरण विज्ञानासाठी आयबीचा पर्यावरण प्रणाली हा विषय, किंवा जीवशास्त्र, रसायनशास्त्र.

२०२७ च्या परीक्षेपासून दोन विषय जोडून लिहिण्याचा मार्गही खुला झाला आहे. तो आकर्षक वाटतो, पण त्यात दोन्ही विषयांच्या पद्धती सांभाळाव्या लागतात. विज्ञानाच्या अर्जासाठी एकाच विषयात खोल जाणे बहुतेकांना सोपे आणि सुरक्षित पडते.

आणखी एक गोष्ट पाहा : त्या विषयाचे शिक्षक तुम्हाला वेळ देणारे आहेत का? घरी विचारायला कोणी नसते, तेव्हा मार्गदर्शक शिक्षक हाच एकमेव आधार असतो. उत्तम विषय आणि न भेटणारे शिक्षक यापेक्षा साधा विषय आणि प्रश्न विचारणारे शिक्षक केव्हाही बरे.

दुसरा निर्णय : विषय नव्हे, प्रश्न

विद्यार्थी आमच्याकडे विषय घेऊन येतात. ‘हवामान बदल’, ‘कर्करोग’, ‘कृष्णविवर’, ‘सौरऊर्जा आणि ग्रामीण भारत’. हे विषय आहेत, पण यातला एकही प्रश्न नाही. चार हजार शब्दांत, शाळेच्या प्रयोगशाळेत, चाळीस तासांत ज्याचे उत्तर मिळू शकते तोच प्रश्न.

विषयाकडून प्रश्नाकडे कसे यायचे, याचे एक उदाहरण सविस्तर पाहू. हलगी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. वाजवण्याआधी ती जाळावर शेकतात आणि तिचा आवाज चढतो, हे गावातल्या कोणालाही माहीत असते. समजा भौतिकशास्त्राला अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला हलगीवर लिहायचे आहे.

‘हलगीचे ध्वनिशास्त्र’ हा झाला विषय. फार मोठा. ‘हलगी शेकल्यावर सूर का चढतो?’ हा प्रश्न झाला, पण अजून मोजता येत नाही. ‘हलगीच्या कातड्यातील ओलावा वाढत गेला, तर तिची मूळ वारंवारता किती आणि कशी कमी होते?’ हा निबंधाचा प्रश्न.

आता मोजायचे काय, ते स्पष्ट झाले. कातड्यात मुरलेल्या पाण्याचे वजन काट्यावर कळेल. वारंवारता मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून मोफत सॉफ्टवेअरने काढता येईल. हाताने वाजवले तर प्रत्येक थाप वेगळी पडेल, म्हणून एकच छोटा चेंडू एकाच उंचीवरून एकाच जागी सोडायचा. प्रत्येक मोजणी पाच वेळा करायची. कड्याचा व्यास तोच, खोलीचे तापमान शक्यतो तेच ठेवायचे.

आणि खरे भौतिकशास्त्र इथून सुरू होते. ताणलेल्या पडद्याची वारंवारता ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि दर चौरस एककाच्या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. ओलाव्याने कातडे जड होते आणि सैलही होते. दोन्हींमुळे सूर उतरतो. मग कोणामुळे किती? वजन १० टक्के वाढले, तर केवळ जडपणामुळे वारंवारता साधारण ५ टक्के उतरायला हवी. मोजमापात ती त्याहून जास्त उतरली, तर उरलेली घट ताण कमी झाल्यामुळे आली असे म्हणायला आधार मिळतो. विद्यार्थ्याकडे आता आकडे आहेत, आलेख आहे, सिद्धान्ताशी तुलना आहे आणि स्वतःचा युक्तिवाद आहे. परीक्षकाला हेच हवे असते.

यासाठी महागडे उपकरण लागले नाही. हा प्रश्न कोणत्या सल्लागाराच्या यादीतही नसतो, कारण ती यादी करणाऱ्याने हलगी शेकताना पाहिलेली नसते.

आपल्या परिसरातले आणखी काही प्रश्न

पुढचे नमुने जसेच्या तसे उचलू नका. ते पाहून आपल्या आजूबाजूला शोधा.

रसायनशास्त्र : ग्रामपंचायत पाण्यात टीसीएल पावडर टाकते. त्या पाण्यातला क्लोरीन उन्हात आणि सावलीत किती वेगाने कमी होतो? आयोडीन-थायोसल्फेट अनुमापनाने हे शाळेत मोजता येते. मात्र पिण्याच्या पाण्यातले प्रमाण इतके अल्प असते की शाळेच्या ब्युरेटला ते नीट पकडता येत नाही, म्हणून सुरुवातीचे प्रमाण जास्त ठेवावे लागेल. ही मर्यादा निबंधात लिहिली की ती कमजोरी राहत नाही, समज ठरते.

जीवशास्त्र : अकोला, अमरावती, बुलढाणा भागात पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. मिठाचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवले, तर ज्वारीच्या दोन वाणांच्या उगवणीत कोणता फरक पडतो? बशा, कापूस, मीठ आणि बियाणे एवढ्यात काम होते.

भौतिकशास्त्र : पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात काय होते ते आपल्याला कोणी सांगायला नको. पत्र्याला चुना लावल्यावर आतले तापमान किती अंशांनी उतरते, आणि थराच्या जाडीचा त्यावर काय परिणाम होतो?

गणित : रेशन दुकानाच्या रांगेत सरासरी किती वेळ थांबावे लागते? एका खिडकीऐवजी दोन केल्या, तर तो वेळ निम्मा होतो, की निम्म्याहून कमी? रांगांचा सिद्धान्त ही गणिताची स्वतंत्र शाखा आहे.

संगणकशास्त्र : यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, तर इंग्रजी अक्षर एकच. मराठी मजकूर दाबून साठवायचा असेल तर कोणती पद्धत जास्त जागा वाचवते?

प्रयोगशाळा नसेल तरी अडत नाही. केंद्रीय भूजल मंडळ, हवामान विभाग, नासा यांची आकडेवारी खुली असते. तयार आकड्यांवर स्वतःचे विश्लेषण करणारा निबंधही चालतो. नुसते वाचून इतरांचे म्हणणे एकत्र केलेला निबंध मात्र विज्ञानात क्वचितच वर जातो.

‘पण मला बाबासाहेबांवर लिहायचे आहे’

हा प्रश्न आपल्याच मुलांकडून येतो आणि तो टाळणे योग्य नाही. विज्ञानाला जाणारी एखादी मुलगी म्हणते, मला महाडच्या सत्याग्रहावर किंवा जातीवर लिहायचे आहे. तिला काय सांगावे?

आधी बाबासाहेबांनी स्वतः काय केले ते पाहू. जातीवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध त्यांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात वाचला, आणि तो त्या शास्त्राच्या भाषेत मांडला. पदव्यांचे प्रबंध मात्र त्यांनी अर्थशास्त्रात लिहिले. कोलंबियाच्या डॉक्टरेटसाठी ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्था, लंडनच्या डी.एस्सी.साठी रुपयाचा प्रश्न. ज्या शास्त्राच्या दारात उभे राहिले, त्या शास्त्राच्या पद्धतीने ते बोलले. समाजाविषयीची तळमळ त्यामुळे कमी झाली नाही, तिला पुराव्याचे बळ मिळाले.

म्हणून आमचे मत असे : विज्ञानाच्या पदवीसाठी चुरस मोठी असेल तर निबंध विज्ञानातच लिहा. जातीचा अनुभव, वस्तीतले काम, वाचन यांना अर्जात दुसरीकडे जागा आहे. अमेरिकी अर्जातला ६५० शब्दांचा वैयक्तिक निबंध त्यासाठीच असतो. हलगीच्या निबंधात तिचा सामाजिक इतिहास लिहून भौतिकशास्त्राचे गुण वाढत नाहीत. पण मुलाखतीत ‘हाच प्रश्न का घेतला?’ असे विचारले, तर तो इतिहास दोन वाक्यांत सांगता येतो, आणि तो तुम्हालाच सांगता येतो.

याला एक अपवाद आहे. भौतिकशास्त्रात जेमतेम डी मिळणार आणि इतिहासात ए मिळेल, अशी स्थिती असेल तर इतिहासात लिहा. देखाव्यासाठी लिहिलेला वाईट विज्ञाननिबंध कोणाच्याच उपयोगाचा नाही. मग विज्ञानातली गोडी प्रत्येक विषयाच्या अंतर्गत प्रकल्पांतून किंवा बाहेरच्या कामातून दाखवा.

वेळ आणि नियम

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि ब्रिटनमधल्या वैद्यकीय अभ्यासक्रमांची अंतिम तारीख १५ ऑक्टोबर असते, इतरांची जानेवारीत. त्याआधी निबंधाबद्दल काही बोलायचे असेल, तर बारावीच्या सुरुवातीलाच मोजमापे हातात हवीत. आपल्याकडे ऋतूंचेही गणित असते. पत्र्याचे तापमान मोजायचे असेल तर एप्रिल-मे गाठावा लागतो. जूनमध्ये पाऊस आला की प्रश्न पुढच्या वर्षावर जातो, आणि पुढचे वर्ष नसते.

प्राण्यांना इजा होईल असा प्रयोग आयबी मान्य करत नाही. रक्त किंवा शरीरातील इतर द्रव वापरून प्रयोग करू नयेत. माणसांवर काही मोजायचे असेल तर त्यांची लेखी संमती लागते. एका विषयाच्या अंतर्गत प्रकल्पातली सामग्री निबंधात पुन्हा वापरता येत नाही.

विकत मिळणारे विषय

विषय, आकडे, कधी अख्खा निबंधच पुरवणारे लोक बाजारात आहेत. ‘तुमच्या मुलाचा शोधनिबंध छापून आणतो’ असे सांगणारेही आहेत. आपल्या पालकांना मुलासाठी काहीही करायची तयारी असते, आणि तीच तयारी इथे विकली जाते. सांगायचे कारण साधे आहे. दुसऱ्याने लिहिलेले काम पकडले गेले तर डिप्लोमा जातो. पकडले गेले नाही, तरी मार्गदर्शकासमोरच्या शेवटच्या बैठकीत आणि विद्यापीठाच्या मुलाखतीत मूल उघडे पडते. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आयबीने सरसकट बंदी घातलेली नाही, पण तिने दिलेला मजकूर स्वतःचा म्हणून देता येत नाही, वापर नोंदवावा लागतो.

खर्चाचेही आधीच बोलून घ्या. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणासाठी आहेत. बारावीनंतर लगेच बाहेर जायचे तर विद्यापीठाचीच मदत मिळवावी लागते. एमआयटी, हार्वर्ड, प्रिन्स्टन यांसारखी मोजकी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांचीही संपूर्ण आर्थिक गरज भागवतात, पण तिथली स्पर्धाही तशीच. इथे बी.एस्सी. करून शिष्यवृत्तीवर बाहेर जाणे हा कमीपणाचा मार्ग नाही. अनेकांसाठी तोच शहाणपणाचा.

स्टेट बोर्डाच्या मुलांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी

आपली बहुसंख्य मुले जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांत आहेत. त्यांना चार हजार शब्दांचा निबंध नाही, पण छोटा प्रश्न घेऊन मोजण्याची संधी आहे. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत १० ते १७ वयोगटातली मुले स्थानिक प्रश्नांवर प्रकल्प करतात. सहावी आणि नववीच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत कृतिसंशोधन प्रकल्प असतो. वर सांगितलेली प्रश्न निवडण्याची रीत तिथे तशीच लागू पडते.

कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. विहारात आणि अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पुस्तके आपण जमवली. आता महिन्यातून एक दुपार अशी ठेवू या, की जिथे मुले आपला प्रश्न मांडतील आणि वस्तीतला एखादा शिक्षक, लॅब टेक्निशियन, एम.एस्सी. झालेली ताई त्यांना चारच गोष्टी विचारतील : काय मोजणार? कशाने मोजणार? बाकी काय स्थिर ठेवणार? उत्तर उलट आले तर काय म्हणणार? यासाठी निधी लागत नाही, माणसे लागतात, आणि ती आपल्यात आहेत. या चार प्रश्नांना उत्तर देता आले, तर विषय ठरला असे समजा. नाही आले, तर पुढच्या महिन्यात पुन्हा यायला सांगा.